अकरा हिरवे दिवे

पोशीर, ४ जून २०२५

योगेंद्रदादा,

फोन केला की तू 'हो, बघतो गं' म्हणतोस आणि हैदराबादच्या कुठल्यातरी मीटिंगमध्ये शिरतोस. तीनदा झालं. म्हणून आता लिहून पाठवतेय. लिहिलेलं विसरलो म्हणता येत नाही, आणि मावशीलाही सांगून ठेवलंय की तुझ्या लेकाला मी मेल केलीय.

टेपवाडीची पेटी वाजत नाही, असं गौराबाई म्हणतात.

मार्चमध्ये तू संस्था सोडलीस आणि हर्षद सरांनी डोंगरपायथ्याच्या अकरा गावांतल्या अकरा पेट्या माझ्या गळ्यात घातल्या. काम साधं होतं. पेटीने पाऊस मोजायचा, मर्यादेबाहेर गेला की भोंगा वाजवायचा, भोंगा वाजला की दरड यायच्या आत लोकांनी रस्त्यावरच्या शाळेत जायचं. गेल्या महिन्यात भोंग्याचं नवं सॉफ्टवेअर आलं. ते घालायला तुझीच स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला आधीच लिहून दिलेली कामांची यादी, हे तूच मला शिकवलंस: जुना प्रोग्राम थांबव, नवा ठेव, तो सुरू कर, दिवा लाव. चोवीस मेला ती यादी मी कर्जतच्या ऑफिसातून अकराही पेट्यांवर चालवली. अकराही ठिकाणी शेवटी 'झालं' आलं आणि हिरवा दिवा लागला.

गौराबाईंच्या पडवीतली पेटी रोज सकाळी आठला एकदा पिपकन वाजायची, आठवतं? मी जिवंत आहे, असं सांगायला. ते वाजणं बंद झालंय. त्या मला रोज फोन करतात. "हिरवा दिवा लागतो गं पोरी, पन तोंडातनं आवाज नाय. मुकी झाली हाय ती."

मी तुझी स्क्रिप्ट उघडली. अर्धं कळतं, अर्धं नाही. तू बघ. हात जोडून नाही, वैतागून सांगतेय.

भाविका

*

हैदराबाद, ९ जून

भाविका,

इतकं तापायला काय झालं? आज वेळ काढून फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. बरोबर आहे. हीच स्क्रिप्ट मी तीन वर्षं वापरली आणि तीन वर्षांत कुणाची तक्रार आली नाही.

जरा विचार कर. अकरा पेट्यांवर एकच स्क्रिप्ट चालली. दहा गावं गप्प आहेत, एकटी गौराबाई बोलतेय. म्हणजे बिघाड स्क्रिप्टमध्ये आहे की टेपवाडीत? वायर सुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा म्हातारीला ऐकू कमी येत असेल. तिथे जा, पेटीच्या खालचं लाल बटण दाब. भोंगा वाजला तर विषय संपला.

आणि स्क्रिप्टला हात लावू नकोस. चालतंय ते उकरू नये.

घरी सगळे कसे आहेत? पेरण्या झाल्या का?

योगेंद्र

*

कर्जत, १७ जून

दादा,

गेले होते. लोधिवलीपर्यंत बस, पुढे सहदेवच्या बाइकवर. सहदेव म्हणजे गौराबाईंचा मुलगा. रस्त्याला रस्ता म्हणायचं तर म्हणावं.

बटण दाबलं. भोंगा असा कडाडला की गोठ्यातली वासरं दावं तोडायला निघाली. ऑफिसातल्या पडद्यावर टेपवाडीच्या पावसाचे आकडेही नीट येतायत. म्हणजे तुझं खरं ठरलं. पेटी ठीक आहे, असं मी सांगितलं तेव्हा गौराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"दाबल्यावर कुनीबी वरडंल," म्हणाल्या. "न दाबता वरडंल का, ते सांग."

मला त्यांचाही राग आला आणि तुझाही. त्यांनी अंगणात रंगाचा रिकामा डबा मांडून ठेवलाय आणि त्याला आतून खिळ्याने रेघ मारलीय. पाणी रेघेला लागलं की त्या गाव उठवणार. मी म्हटलं, "अहो, संस्थेची पेटी असताना डबा कशाला?" यावर त्यांचे दीर, धाकलूकाका, मोठ्याने हसले. ते पेटीच्या बाजूचे. "वयनीला सवय हाय घोर लावून घ्यायची. कंपुटर हाय तो. त्याला कळतं. तो बोलंल तवा आमी उठू."

एकच विचारते. सकाळची पिप नव्या सॉफ्टवेअरमध्ये बंद केलीय का? तेवढं सांग म्हणजे मी गौराबाईंना सांगून मोकळी होते.

भाविका

*

हैदराबाद, २ जुलै

भाविका,

उशीर झाला, इकडे डेडलाइन होती. हो, नव्या व्हर्जनमध्ये ती पिप काढलेली असणार. तसं सांगून टाक. काळजी करू नकोस.

योगेंद्र

*

पनवेल, २१ जुलै

दादा,

इथल्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून फोनवर लिहितेय. चुका दुरुस्त करणार नाही.

परवा शनिवारी सकाळी सातपासून टेपवाडीवर जो पाऊस लागला तो थांबेना. दहाच्या सुमारास गौराबाईंचा डबा रेघेला लागला. पेटी गप्प होती. हिरवा दिवा चालू. त्या पदर खोचून निघाल्या आणि अठराही घरं फिरल्या. कुणी ऐकलं, कुणी नाही ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या चुलीत पाणी ओतलं. सहदेवने म्हाताऱ्यांना पाठीवरून नेलं. अकरापर्यंत सतरा घरं शाळेत पोचली होती.

अठरावं घर धाकलूकाकांचं. काकू आधीच माहेरी गेलेल्या, ते एकटेच. गौराबाई दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी दारातूनच सांगितलं, "वयनी, पेटी बोलली नाय अजून. भोंगा वाजू दे, मी निघतो." ते पेटीची वाट बघत बसले.

पावणेबाराला वरचा उतार सुटला. तीन गोठे आणि त्यांचं घर गेलं. सहदेव आणि चौघांनी हातांनी चिखल उपसून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा ते शुद्धीवर होते. डावा पाय तुळईखाली होता. काल दुपारी तो गुडघ्याखालून काढला.

गौराबाई माझ्या शेजारी बसल्यात. दोन दिवस मी आणलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. मीच त्यांना सांगितलं होतं ना, पिप बंद केलीय, काळजी करू नका. तुझं वाक्य होतं ते. मी जसंच्या तसं नेऊन पोचवलं.

भोंगा का वाजला नाही?

भाविका

*

हैदराबाद, २२ जुलै

भाविका,

वाचून सुन्न झालो. जीव वाचला हे मोठं आहे. काकांच्या उपचारात काही लागलं तर कळव.

पण घाईने निष्कर्ष काढू नकोस. भोंगा न वाजायची दहा कारणं असतात. बॅटरी, ओल, सेन्सर. पेटीतल्या सगळ्या नोंदी मला पाठव, मी शांतपणे बघतो. आणि मी बघेपर्यंत हर्षद सरांना लेखी काही देऊ नकोस. अर्धवट माहितीवर लिहिलेलं कागद होऊन बसतं.

योगेंद्र

*

पोशीर, २७ जुलै

योगेंद्रदादा,

'लेखी काही देऊ नकोस' हे वाचलं आणि तुला नोंदी न पाठवता स्वतःच बसले. आज रविवार. सकाळी सातला तुझी स्क्रिप्ट कागदावर छापून घेतली आणि एकेक ओळ पुस्तकातून, इंटरनेटवरून शोधत वाचली. आईने दोनदा ताट वाढून परत नेलं.

त्यात दर ओळीच्या शेवटी एकच शेपूट आहे. दोन उभ्या रेघा आणि पुढे 'ट्रू'. आधी मला वाटलं, अशी लिहायची रीत असेल. अर्थ शोधला. अर्थ असा, की हे काम जमलं नाही, तरी जमलं म्हण आणि पुढे चल. जुना प्रोग्राम थांबला नाही, तरी थांबला म्हण. नवा सुरू झाला नाही, तरी झाला म्हण. चोवीस ओळी, चोवीस शेपट्या. आणि हिरवा दिवा प्रोग्राम लावत नाही. तो तुझी शेवटची ओळ लावते, काहीही झालेलं असो.

टेपवाडीची पेटी पडवीत शिरलेल्या चिखलातून काढून सहदेवने ऑफिसात आणून दिली होती, ती मी काल घरी आणली. आतलं मशीन चालू होतं. मी शेपट्या काढून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सातव्या ओळीवर थांबली आणि लाल अक्षरांत सांगितलं: 'योगेंद्र' नावाचा वापरकर्ता या मशीनवर नाही.

मग माझं मलाच कळलं. तू भोंग्याचा प्रोग्राम स्वतःच्या नावाच्या खात्यावरून सुरू करत होतास. तू गेल्यावर हर्षद सर म्हणाले, जुन्या माणसाची खाती काढून टाका. एप्रिलमध्ये मी अकराही पेट्यांवरून तुझं खातं काढलं. तुला विचारलं नाही. चालू असलेला प्रोग्राम चालत राहिला. चोवीस मेला स्क्रिप्टने तो थांबवला, नवा सुरू करायला तुझं नाव शोधलं, ते सापडलं नाही, आणि तिने 'झालं' म्हटलं. सकाळची पिपही भोंग्याचाच प्रोग्राम वाजवायचा, म्हणून ती गेली. पाऊस मोजणारा प्रोग्राम वेगळा, म्हणून आकडे येत राहिले. बटणाची तार सरळ भोंग्याला, म्हणून दाबल्यावर तो वाजला. खातं न विचारता काढलं ही चूक माझी. ती मी लिहून देणार आहे.

मग बाकीच्या दहा पेट्या तपासल्या. दहाही मुक्या. चोवीस मेपासून अकराच्या अकरा गावांत भोंगा नव्हता आणि मी रोज सकाळी ऑफिसात येऊन अकरा हिरवे दिवे मोजत होते. एका गावच्या पोलीस पाटलांना फोन करून विचारलं, पिप बंद झालेली तुम्हाला कळली नाही का? म्हणाले, "आमाला वाटलं मोबाइलसारखी सायलेंटवर टाकली."

दहाही पेट्या आज दुपारी मी हाताने सुरू केल्या. प्रत्येक गावात माणूस उभा करून, फोनवर आवाज ऐकून.

आता एकाच प्रश्नाचं उत्तर दे. ९ जूनला तू लिहिलंस की फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. खरंच उघडली होतीस का?

भाविका

*

हैदराबाद, ११ ऑगस्ट

भाविका,

दोन आठवडे उत्तर लिहितोय आणि पुसतोय.

उघडली होती. त्या दिवशीच सगळं दिसलं, ती शेपटंसुद्धा. सातवी ओळही दिसली, आणि माझं खातं आता नसणार हेही लक्षात आलं. मी लॅपटॉप मिटला आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन तुला लिहिलं की बरोबर आहे.

कारण सांगतो, ते समर्थन म्हणून घेऊ नकोस. तीन वर्षांपूर्वी पहिल्या पेटीचं उद्घाटन होतं. मंडप, खुर्च्या, पाहुणे. सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर स्क्रिप्ट चालवून दाखवायची होती. सरावाला एक लाल ओळ आली. एक फोल्डर आधीच आहे, एवढंच तिचं म्हणणं होतं, काही बिघडत नव्हतं. पण हर्षद सर म्हणाले, पाहुण्यांसमोर पडद्यावर लाल काही दिसता कामा नये. दहा मिनिटं होती. मी दर ओळीला ते शेपूट लावून टाकलं. कार्यक्रम छान झाला. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी काढीन म्हटलं आणि काढलं नाही. नंतर नंतर ते बरंच वाटायला लागलं. लाल काही यायचंच नाही. लोक म्हणायचे, योगेंद्रची कामं कशी बिनबोभाट होतात.

जूनमध्ये कबूल केलं असतं तर तू सरांना सांगितलं असतंस, सर सगळ्यांना. इथे मी नवा आहे, दुसऱ्यांच्या मशीनवर सॉफ्टवेअर बिनचूक चढवणं हेच माझं काम आहे. मला लाज वाटली. वाटलं, पावसाळा सरला की सुट्टीला येईन आणि कुणाला न सांगता बदलून टाकीन. आणि पिपचं तर मी बघितलंसुद्धा नव्हतं. तू विचारलंस आणि सुचलं ते लिहिलं.

तू खातं काढलंस ती चूक नव्हे. गेलेल्या माणसाचं खातं काढायचंच असतं. माझ्या नावावर प्रोग्राम बांधला हेच चुकलं. सरांना तसं लिहून दे. माझं हे पत्र जोडलंस तरी चालेल.

धाकलूकाका कसे आहेत?

योगेंद्र

*

कर्जत, १६ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र जोडून दिलं. माझी चूक मी माझ्या नावाने वेगळी लिहिली, तू नको म्हणालास तरी. विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. सरांनी दोन्ही वाचली, आणि लाल ओळीचा परिच्छेद परत वाचला. मग म्हणाले, "मी असं म्हणालो होतो खरा." मला वाटलं होतं मला काढतील. काढलं नाही. कदाचित त्यामुळेच.

स्क्रिप्ट मी नव्याने लिहिली. एक काम अडलं की तिथेच थांबते आणि ओरडते. भोंग्याला वेगळं खातं आहे, कुणा माणसाच्या नावाचं नाही. दिवा तर मी काढूनच टाकला. गावातल्या माणसाने 'ऐकला' असं कळवल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमली. तुझ्याइतकी सुबक नाही. पडदाभर लाल येतं आणि मी एकेक वाचते.

धाकलूकाका सहदेवच्या घरी आहेत. मी जाऊन माझं सांगितलं. खातं मी काढलं, पेटी ठीक आहे असं मीच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. तुझं मी सांगितलेलं नाही. मला सांगायचंही नाही. आणि ते मेलवर सांगायचं नसतं, एवढं तुला कळत असेल.

भाविका

*

हैदराबाद, ६ ऑक्टोबर

भाविका,

परवा टेपवाडीला जाऊन आलो. तू नेमकी त्याच दिवशी पोशीरला नव्हतीस, दुसऱ्या गावांच्या पेट्या तपासायला गेलेलीस. मुद्दाम गेली असशील तर बरंच केलंस. तू सोबत असतीस तर मी तुझ्या आड उभा राहिलो असतो.

धाकलूकाका ओट्यावर बसले होते. पायाच्या टोकाला पांढरं कापड. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मंडप, लाल ओळ, जूनमध्ये फाइल उघडली ते, मिटली ते. कॉम्प्युटरचं त्यांना किती कळलं माहीत नाही. पण मिटली म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे तुला ठावं होतं."

"हो काका."

"मंग वयनीला का नाय सांगितलं? ती तर रोज इचारत होती."

मी म्हटलं, लाज वाटली. ते म्हणाले, "मला पन वाटते. सतरा घरं बाईमाणसाचं ऐकून गेली. मी डब्याला हसत बसलो." मला वाटत होतं, त्यांनी शिव्या द्याव्यात. दिल्या नाहीत.

शिव्या गौराबाईंनी दिल्या. आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन त्यांनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. 'म्हातारीला ऐकू कमी येत असेल' हे मी तुला लिहिलं होतं, तेही मी त्यांना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, पण काही ठेवायचं नव्हतं. त्यावर त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "दुपारचं काय खाल्लंस?" नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. त्या समोर बसून राहिल्या, ताट रिकामं होईपर्यंत.

पेटी पुन्हा बसवू द्याल का, असं मी विचारलं. म्हणाल्या, भाविका बसवणार असेल तर बसवू दे, तू हात लावू नको.

निघताना काकांनी कुबड्या मागितल्या. एक बगलेत घेतली, दुसरी टाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. असे आम्ही बांधापर्यंत गेलो. शंभर पावलं असतील, अर्धा तास लागला. वाटेत दोनदा त्यांचा तोल गेला. खालचं त्यांचं शेत वाचलंय, चिखल तिथवर आला नाही. भात लोंबीला आलंय, वाकलंय.

"दिवाळी झाली की कापणीला येतंय," ते म्हणाले. "दरसाल मीच कापतो. सहदेवला त्याचं हाय. औंदा कोन कापंल, सांग."

मी म्हटलं, मी येतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "विळा धरलास का कंदी?" मी सांगितलं, दहावीपर्यंत पोशीरला धरत होतो, नंतर नाही. म्हणाले, "बोटं संभाळ."

आठ दिवसांची रजा टाकली आहे. साहेबाने कारण विचारलं, तेही खरं सांगितलं. त्याने बराच वेळ प्रश्न विचारले, मग रजा मंजूर केली.

योगेंद्र

*

पोशीर, ९ ऑक्टोबर

दादा,

मुद्दामच गेले होते.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, मावशीलाही. मावशी दुपारी माळ्यावरून तुझ्या बाबांचा विळा काढून लोहाराकडे देऊन आली.

तुझं गणित मात्र अजून तसंच आहे. काकांचं दीड एकर आहे. कापायचं, सुकवायचं, भारे बांधायचे, वाहायचे, झोडायचं. सवय मोडलेला एक माणूस आणि रविवारची मी. आठ दिवसांत अर्धं भात बांधावर टाकून तू गाडी पकडशील आणि पुन्हा उरलेलं मी निस्तरेन.

साहेबाला परत विचार. बारा दिवसांची टाक.

भाविका